पडद्याच्या मागच्या अंगाला

पोलीस ठाणे, जामखेड. तारीख १९ एप्रिल १९४४.

मी राहीबाई कोम छगन (मयत), वय अदमासे सव्वीस वर्षे, धंदा फिरत्या तंबू-टॉकीजमध्ये बायकांच्या दारावर तिकिटे घेण्याची नोकरी, मूळ राहणार पाथर्डी, हल्ली मुक्काम जामखेड, इमामबी यांच्या घरातील पुढच्या खोलीत भाड्याने, आज ठाण्यात समक्ष हजर आहे. मच्छिंद्र बिन रंगनाथ याच्याविषयी व काल दुपारी घडलेल्या प्रकाराविषयी मला विचारण्यात आले. मला जे ठाऊक आहे ते खरे सांगते, ते असे.

माझे मालक छगन तापाने वारले, त्यानंतर मी या तंबूत कामाला लागले. आमचा तंबू सुगी झाल्यावर निघतो आणि पावसाळ्याच्या आधी नगरला परत जातो. गाव बदलते तशी मी खोली बदलते. तंबूत पडदा मधोमध असतो. पुढच्या अंगाला मशीन आणि पुरुष. मागच्या अंगाला बायका. खेळ सुरू होण्याआधी पडद्यावर पाणी मारतात, म्हणजे चित्र मागे उतरते आणि बायकांनाही दिसते. पुरुषांना मागे यायची बंदी आहे. रीळ बदलताना पुढे ग्यासबत्ती मोठी करतात, पण बायकांच्या अंगाला बत्ती लावत नाहीत, कारण कनातीच्या फटीतून पोरे तोंडे बघतात. तोंड झाकून आलेल्या बाईला पदर वर कर म्हणायचे नाही, असाही तंबूच्या मालकाचा, शेठचा, नियम आहे. तसे केले तर चांगल्या घरच्या बाया दुसऱ्या दिवशी येत नाहीत. हा नियम मी बारामतीपासून जामखेडपर्यंत सगळीकडे पाळला आहे.

इमामबी विधवा होत्या. त्यांची मुले पुण्याला दारूगोळ्याच्या कारखान्यात आहेत. मी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत असे. माझ्यासोबत त्या रोज खेळाला येत. दारावरची गर्दी आत गेली की मी त्यांच्याशेजारी जाऊन बसे. आम्ही बोलत असू. खेळ पाठ झालेला होता, त्यामुळे बोलायला वेळ मिळे.

या वेळी एकच चित्र फार दिवस चालले. मोटारीला पेट्रोल नाही, कोळशावरची मोटार वाटेत बंद पडते, म्हणून नगरहून दुसऱ्या रिळांच्या पेट्या आल्या नाहीत. चित्राचे नाव बोर्डावर आहे, मला वाचता येत नाही. बाया त्याला गुलाबवाल्याचा शिनेमा म्हणत. त्यात एक कोटवाला माणूस एका गाणाऱ्या मुलीच्या मागे लागतो. रोज तिच्या उंबऱ्यावर गुलाब ठेवतो. ती नको म्हणते तेव्हा हसतो. तिचे कोणालाच खरे वाटत नाही, कारण तो सगळ्यांशी गोड वागतो. शेवटी ती दार लावून घरात बसते. तो बाहेरून तिच्या आईच्या आवाजात हाक मारतो. ती दार उघडते. पुढे फक्त तिचा हात दिसतो.

त्या ठिकाणी आमच्या अंगाच्या बाया रोज ओरडत, "उघडू नको गं! उघडू नको!" इमामबी सगळ्यांत मोठ्याने ओरडत. बाहेर पडताना म्हणत, "रोज वाटतं, आज तरी ही बया शानी हुईल. पर उघडतीच मेली."

मच्छिंद्र हा तंबूच्या बैलगाडीवर बसून आसपासच्या गावांत जाहिरात करी. गुलाबी हँडबिले वाटी आणि भोंग्यातून चित्राची गोष्ट सांगे. लोक जमावेत म्हणून शेठने त्याला चित्रातल्यासारखा एक जुना काळा कोट आणि काठी दिली होती. भोंग्यातून तो आधी त्या कोटवाल्याच्या आवाजात बोले आणि मग मुलीच्या आईच्या आवाजात हाक मारी. डोळे मिटले तर म्हातारी बाईच बोलते आहे असे वाटे. लोक हसत. मीही हसले आहे. गाडीवरून उतरला की तो फारसा बोलत नसे. त्याने माझ्या अंगाला कधी हात लावला नाही. वाईट शब्द बोलला नाही. हे मी फौजदार साहेबांना आधीच सांगितले आहे.

होळीनंतर माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर सकाळी कागदाचे फूल दिसू लागले. गुलाबी हँडबिलाला घड्या घालून केलेला गुलाब असे. पहिल्या दिवशी मला वाटले, शेजारच्या मुलींनी ठेवला. दुसऱ्या दिवशी इमामबी म्हणाल्या, "अगे, तुजा गुलाबवाला आला वाटतं." आम्ही दोघी हसलो. पुढे फुले रोज येऊ लागली, तेव्हा मी ती चुलीत घालू लागले. एका संध्याकाळी मी दारावर उभी असताना मच्छिंद्र समोरच्या लिंबाखालून आला. कोट घातलेला होता. म्हणाला, "जाळलीत व्हय? हरकत न्हाई. ती बी आधी जाळतीच." मी विचारले, "कोन ती?" तो हसला आणि गेला. चित्रातला माणूस असाच तोंड न उघडता हसतो.

त्यानंतर चित्रात जे होई ते इकडे होऊ लागले. चित्रातला माणूस विहिरीवर उभा राहतो, तर हा आमच्या आडावर उभा. चित्रातला तिच्या खिडकीखाली शीळ घालतो, तर हा मागच्या बोळात. चित्रात शेवट येण्याआधी तिचा पाळलेला पोपट मरतो. माझ्याकडे पोपट नाही. इमामबींची शेळी मेली. शेळी कशाने मेली हे मला ठाऊक नाही, आणि त्याने मारली असे मी म्हणत नाही.

मी शेठकडे गेले. शेठ म्हणाले, "काय म्हनला तो तुला?" मी म्हणाले, "तसं काय न्हाई म्हनला." "हात लावला?" "न्हाई." "मग काय म्हनून काढू त्याला? कागदाची फुलं करतो म्हनून? राही, त्याच्या भोंग्यावर तंबू भरतोय. तू जरा कमी बोल त्याच्याशी." मी त्याच्याशी बोलत नव्हते. मी शेठना म्हणाले, चित्रात शेवटी काय होतं ते तुम्हाला ठाऊक हाय. शेठ म्हणाले, "तो शिनेमा हाय." तंबूतील बाकीच्या माणसांनीही चेष्टा केली. एकजण म्हणाला, बाईला आता हिरोईनीचा पगार द्या.

आता म्हातारीचे सांगते. होळीच्या आसपास एक म्हातारी रोज खेळाला येऊ लागली. अंगावर जुनी शाल, तीच डोक्यावरून तोंडापर्यंत ओढलेली. वाकून चाले. तिकीट माझ्या हातात देई, बोलत नसे. आम्ही बसत असू त्याच्या बरोबर मागे बसे. एकदा फार उकडत होते. मागून ती म्हणाली, "पोरी, जरा वारा घाल गं." मी पदराने वारा घातला. ती पुढे सरकली आणि तिने माझ्या खांद्यावर डोके टेकले. दमली असेल म्हणून मी टेकू दिले. रीळ संपेपर्यंत ती तशीच होती. इमामबी म्हणाल्या, "घ्या, आता हिला बी सांभाळा."

तंबूचा मशीनवाला नबीलाल हा इमामबींच्या नात्यातला आहे. परवा संध्याकाळी खेळाच्या आधी आम्ही पडद्यावर पाणी मारत होतो. मच्छिंद्र गाडीवरून नुकताच आला होता आणि लिंबाखाली उभा होता. नबीलाल मला म्हणाला, "राहीबाई, ह्या येड्याकडं बगा. कोटाला फुलाचं काज डाव्या अंगाला हाय, आन ह्यानं फूल टाचलंय उजव्या अंगाला. टाचनी मारून!"

मी म्हणाले, "शिनेमात उजव्याच अंगाला हाय की."

"कुनी सांगितलं? डाव्या अंगाला हाय."

"मी रोज बगते, नबीभाई. उजव्या."

"मशीन मी चालवतो का तुमी चालवता?"

त्याने मला पुढे नेले आणि रिळाचा थोडा भाग लावून दाखवला. मी त्या तंबूत इतकी वर्षे आहे, पण पुढच्या अंगाने चित्र पहिल्यांदाच पाहिले. त्या माणसाचे फूल डाव्या अंगाला होते. काठी उजव्या हातात. भांग डावीकडे. मी बाहेर लिंबाकडे पाहिले. मच्छिंद्रचे फूल उजव्या अंगाला, काठी डाव्या हातात, भांग उजवीकडे. नबीलाल हसत होता. मी विचारले, "मच्छिंद्र रात्री खेळाला कुठं बसतो?" तो म्हणाला, "आमच्यात तर कदी दिसला न्हाई. झोपत आसंल गाडीखाली."

चित्र मागून पाहिले तरच डाव्याचे उजवे होते. मागे बायकांशिवाय कोणी बसत नाही. मला माझा खांदा आठवला.  

त्या रात्री मी नियम मोडला. इमामबींना कंदील घेऊन दारावर उभे केले आणि तोंड झाकून आलेल्या प्रत्येक बाईला पदर वर करायला सांगितले. काही बाया रागावून घरी परतल्या. एका वकिलाच्या घरच्या बाईने मला शिव्या दिल्या. म्हातारी आली नाही. बाया परत गेल्या म्हणून शेठ चिडून माझ्याकडे आले. मी त्यांना फुलाची गोष्ट सांगितली. त्यांना ती नीट कळली नाही, पण त्यांनी मच्छिंद्रला बोलावले. तो कोट घालूनच आला. शेठने विचारले, "तू बायकांत जाऊन बसतोस?" त्याने शेठकडे पाहिलेच नाही. मला म्हणाला, "राहीबाई, तुमीच वारा घातला की. मी बसलो हुतो गप."

त्यावर कोणी हसले नाही. शेठने त्याचा कोट, काठी व भोंगा काढून घेतला आणि तंबूतून हाकलले. त्याने कोटाची घडी घालून दिली. टाचणी काढून फूल स्वतःजवळ ठेवले. जाताना मला म्हणाला, "शेवटचं रीळ तेवढं ऱ्हायलं." त्याच वेळी ठाण्यात यावे असे नबीलाल म्हणत होता. पण आज तंबू कर्जतला हलवायचा होता, माणसे कमी होती, म्हणून शेठ म्हणाले, कर्जतला गेल्यावर तो कुठला यायला. म्हणून कोणी आले नाही.

काल बाजाराचा दिवस होता. आमचे सगळे पुरुष तंबू उतरवायला गेले होते. आमच्या गल्लीतल्या बाया बाजारात. मला इमामबींनी बाहेर पडू दिले नाही. कर्जतच्या वाटेला भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी करून देते म्हणाल्या आणि शेंगदाणे आणायला त्या स्वतः निघाल्या. मला म्हणाल्या, "आतून कडी लाव. माज्याशिवाय कुनालाबी उघडू नको."

मी म्हणाले, "आन तुमच्या आवाजात आला तर?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "माज्या आवाजात यायला त्याला माज्यासारखी सात बाळंतपनं काढावी लागतील, बेटी."

आम्ही खूण काही ठरवली नाही. आम्हा दोघींनाच ठाऊक असे खुणेला घेण्यासारखे जे होते, ते आम्ही तंबूत, म्हातारीच्या पुढ्यातच बोललो होतो.

ऊन डोक्यावर आले तेव्हा गल्लीत काही आवाज नव्हता. मी खोलीत सामान बांधत होते. बाहेर अंगणात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. भांडे असेल असे वाटले. थोड्या वेळाने दाराशी इमामबींचा आवाज आला, "राही, दार उघड गं बेटी." मी उठले आणि कडीला हात घातला. मग हात काढला. मी बोलले नाही.

पुन्हा आवाज आला, "अगे मी हाय. इमाम हाय." आवाज दाराच्या खालच्या बाजूने येत होता. चित्रातही तो दाराशी गुडघे टेकून बोलतो. मी दळायचे जाते ओढून आणले आणि दाराला लावले.

आवाज म्हणाला, "पानी दे. राही, पानी." मग बराच वेळ काही नाही. मग आवाज म्हणाला, "तुज्या तान्हीची आन हाय, उघड."

माझी मुलगी तीन महिन्यांची होऊन वारली. ही गोष्ट या गावात मी फक्त इमामबींना सांगितली होती. ती मी तंबूत, अंधारात बसून सांगितली. म्हातारी त्या वेळी आमच्या मागे होती. म्हणून हे ऐकल्यावर मी जात्यावर बसले आणि पाय भिंतीला रेटून दार दाबून धरले. तोंडात पदर घातला होता. आवाज आणखी दोनदा माझे नाव घेऊन आला. नंतर आला नाही.

उन्हे कलल्यावर शेजारच्या केशरबाई बाजारातून आल्या. त्या किंचाळल्या. मला त्यांचाही आवाज खरा वाटला नाही. त्या म्हणत होत्या, "अगं राही, आत काय करती? बाहेर ये की गं, बाहेर ये." मी गेले नाही. त्यांनी माणसे जमवली. नबीलालने दार फोडले. मी उघडले नाही.

इमामबी उंबऱ्याशी पालथ्या होत्या. डोक्याला मागून दगडाचा मार होता. मुठीत शालीचा तुकडा होता. बाकीची शाल ओट्यावर, बसल्या जागी होती. शेंगदाण्याची पुडी अंगणात फुटली होती. त्या बाजारातून आल्या तेव्हा ओट्यावर कोणीतरी शाल घेऊन बसलेले असावे आणि त्यांनी ती ओढली असावी, असे फौजदार साहेब म्हणतात. मी पाहिलेले नाही. दाराच्या फळीला हाताचे रक्त लागलेले पंचांनी पाहिले आहे. ते फार खाली आहे. डॉक्टर साहेबांनी सांगितले की मार लागल्यावर त्या काही वेळ जिवंत असाव्यात आणि वेळेवर कोणी पट्टी बांधली असती तर वाचल्या असत्या की नाही ते सांगता येत नाही.

अंगणात वाळत घातलेले माझे निळे लुगडे नाहीसे झाले आहे. निजामाच्या हद्दीकडे मेंढरे घेऊन गेलेल्या धनगरांनी काल दुपारी एक बाई एकटी ओढ्याने जाताना पाहिली, तिच्या अंगावर निळे लुगडे होते, असे मला ठाण्यात कळले. त्यांनी तिला रामराम केला. तिने डोक्यावरचा पदर नीट केला.

विचारल्यावरून सांगते की, मच्छिंद्रने काल माझ्या दाराशी येऊन हाक मारली नाही. एकदाही मारली नाही. मी जे जे ऐकले ते इमामबींचे होते.

विचारल्यावरून सांगते की, माझे इमामबींशी भांडण नव्हते. भाडे बाकी नव्हते.

विचारल्यावरून सांगते की, तंबूबरोबर कर्जतला जाण्याचा माझा विचार नाही. बायकांच्या दारावर दुसरी बाई ठेवा असे मी शेठना सांगितले आहे. पुढे कुठे राहणार ते आज सांगता येत नाही. इमामबींचे मुलगे पुण्याहून येईपर्यंत मी जामखेडमध्येच आहे. त्यांना मी स्वतः सांगणार आहे.

शेवटी फौजदार साहेबांनी विचारले की, दाराशी आलेला आवाज तू ओळखला होतास की नाही. त्यावर सांगते की, पहिल्या हाकेलाच ओळखला होता. ओळखला म्हणून उघडले नाही.

हा जबाब जमादार साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला आणि मी तो पुरता ऐकला. त्यात एका जागी "दाराशी अनोळखी आवाज आला" असे लिहिले गेले होते. जमादार साहेब म्हणाले, राहू दे बाई, तुझ्यासाठी तेच बरे आहे. मी तो शब्द खोडून "ओळखीचा" असे करायला लावले. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, राहीबाई कोम छगन.
समक्ष: जमादार, पोलीस ठाणे जामखेड.